हानिकारक बॅकलिंक्स म्हणजे काय? त्या कशा ओळखायच्या आणि कधी काढायच्या?

"तुमच्या वेबसाइटला शेकडो टॉक्सिक बॅकलिंक्स आहेत. लगेच साफ केल्या नाहीत तर साइट गुगलवरून गायब होईल!" छोटी-मोठी वेबसाइट चालवणाऱ्या बहुतेकांना असा ईमेल किंवा व्हॉट्सॲप मेसेज कधी ना कधी येतो. सोबत लाल रंगाने भरलेला एक रिपोर्ट असतो आणि शेवटी साफसफाईच्या पॅकेजचा दर असतो. फेसबुक आणि इन्स्टाग्रामवरही हाच इशारा देणारे व्हिडिओ सतत समोर येतात.

या इशाऱ्यात तथ्य किती? बॅकलिंक्समुळे खरोखर नुकसान होते का? होत असेल तर कोणाचे? आणि साफसफाई करायची असेल तर ती स्वतः, एकही पैसा खर्च न करता कशी करायची? या लेखात आपण हे सगळे क्रमाने समजून घेऊ.

थोडक्यात उत्तर आधीच सांगतो. बहुतेक वेबसाइटना कोणतीही साफसफाई लागत नाही. ज्यांनी स्वतः किंवा एखाद्या एजन्सीमार्फत लिंक्स विकत घेतल्या आहेत, त्यांना मात्र ती लागू शकते. आपण यातल्या कोणत्या गटात आहोत हे न तपासता लिंक्स काढायला घेतल्या, तर चांगल्या लिंक्सही हातच्या जातात.

## बॅकलिंक म्हणजे काय?

दुसऱ्या वेबसाइटवरून तुमच्या वेबसाइटकडे येणारी लिंक म्हणजे बॅकलिंक.

समजा, रत्नागिरीच्या एका बागायतदाराची हापूस विकणारी वेबसाइट आहे. एका वृत्तपत्राने आंब्याच्या हंगामावर बातमी करताना तिची लिंक दिली. एका रेसिपी ब्लॉगने आमरसाच्या कृतीखाली 'आंबे इथून मागवले' असे लिहून लिंक दिली. या दोन्ही त्या वेबसाइटच्या बॅकलिंक्स झाल्या. लिंक ज्या शब्दांवर दिलेली असते, त्या शब्दांना अँकर टेक्स्ट म्हणतात. इथे 'आंबे इथून मागवले' हा अँकर टेक्स्ट आहे.

लिंक्सना एवढे महत्त्व का? याचे उत्तर गुगलच्या जन्मात आहे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकत असताना लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी 'पेजरँक' ही पद्धत तयार केली. १९९८ मध्ये याच पद्धतीच्या बळावर गुगल कंपनी उभी राहिली. कल्पना साधी होती. एका पानाने दुसऱ्या पानाला दिलेली लिंक म्हणजे एक शिफारस. ज्या पानाला जास्त शिफारशी, आणि त्याही वजनदार पानांच्या, ते पान शोधात वर.

शिफारशीला किंमत आली की तिचा बाजारही भरतो. लिंक्स विकणारे, बदल्यात देणारे, सॉफ्टवेअरने हजारोंनी तयार करणारे असा एक धंदाच उभा राहिला. हानिकारक बॅकलिंक्सचा प्रश्न इथून सुरू होतो.

## कोणत्या लिंक्स हानिकारक मानल्या जातात?

शोधातला क्रमांक फिरवण्यासाठी तयार केलेल्या लिंक्सना गुगलच्या नियमांत 'लिंक स्पॅम' म्हटले आहे. त्यात प्रामुख्याने हे प्रकार येतात:

- पैसे देऊन घेतलेल्या लिंक्स.
- वस्तू किंवा सेवा मोफत देऊन, त्या बदल्यात लेखातून मिळवलेल्या लिंक्स.
- 'तू माझी लिंक दे, मी तुझी देतो' अशी मोठ्या प्रमाणावर केलेली अदलाबदल.
- सॉफ्टवेअरने आपोआप तयार केलेल्या लिंक्स.
- एकाच मालकाच्या, फक्त लिंक्स देण्यासाठी उभारलेल्या वेबसाइटच्या जाळ्यातून आलेल्या लिंक्स.
- अनेक ठिकाणी छापून आणलेले जाहिरातवजा लेख, ज्यांत प्रत्येक वेळी 'स्वस्त हापूस आंबा ऑनलाइन' असा ठरावीक विक्रीचा शब्दच अँकर टेक्स्ट असतो.
- दुसऱ्यांच्या ब्लॉगखाली, फोरममध्ये लिहिलेल्या प्रतिक्रियांत घुसवलेल्या लिंक्स.

यातला दुसरा प्रकार सोशल मीडिया वापरणाऱ्यांनी नीट लक्षात घ्यावा. होमस्टेचा मालक एखाद्या ट्रॅव्हल ब्लॉगरला दोन रात्री मोफत राहायला देतो आणि ब्लॉगर लेखात लिंक देतो. हा व्यवहार करण्यात गैर काही नाही, पण ती लिंक प्रायोजित असल्याची खूण तिच्या कोडमध्ये असायला हवी. त्यासाठी 'स्पॉन्सर्ड' ही खूण गुगलने सप्टेंबर २०१९ मध्ये आणली. त्याआधी, २००५ पासून, 'नोफॉलो' ही खूण वापरात आहे आणि तीही चालते. अशी खूण असलेली लिंक शिफारस म्हणून मोजून घेण्याचा प्रयत्न ठरत नाही.

इन्स्टाग्राम, फेसबुक, यूट्यूबसारख्या मोठ्या प्लॅटफॉर्मवरील लिंक्सना अशी खूण साधारणपणे आपोआप लागलेली असते. त्यामुळे तुमची लिंक कोणी पोस्टमध्ये दिली म्हणून घाबरण्याचे कारण नाही.

## एका मोठ्या दुकानाचे काय झाले?

विकतच्या लिंक्सचे नुकसान समजून घेण्यासाठी अमेरिकेतील जेसी पेनी या साखळी दुकानांचे उदाहरण सगळ्यात उपयोगी आहे.

२०१० च्या अखेरीस, ऐन सणासुदीच्या खरेदीत, 'ड्रेसेस', 'बेडिंग', 'एरिया रग्ज' अशा कितीतरी साध्या शब्दांसाठी जेसी पेनी गुगलवर पहिल्या क्रमांकाजवळ दिसत होती. न्यूयॉर्क टाइम्सने एका तज्ज्ञाकडून याचा तपास करून घेतला. त्याला जेसी पेनीकडे जाणाऱ्या लिंक्स दोन हजारांहून अधिक पानांवर सापडल्या. यातली अनेक पाने कपड्यांशी काडीचाही संबंध नसलेल्या वेबसाइटवर होती. एक अणुअभियांत्रिकीची, तर दुसरी बल्गेरियातील मालमत्तेची. अशा पानांवर कोपऱ्यात 'ड्रेसेस' किंवा 'इव्हनिंग ड्रेसेस' असे शब्द आणि त्यांवर लिंक.

फेब्रुवारी २०११ मध्ये ही बातमी आली. त्याच्या काही दिवस आधी, वृत्तपत्राने पुरावे दाखवल्यावर गुगलने कारवाई केली होती. 'सॅमसोनाइट कॅरी ऑन लगेज' या शब्दांसाठी संध्याकाळी सात वाजता पहिल्या क्रमांकावर असलेली जेसी पेनी दोन तासांत ७१ व्या क्रमांकावर गेली. 'लिव्हिंग रूम फर्निचर'साठी ती पहिल्यावरून ६८ व्या क्रमांकावर घसरली. या लिंक्स आपल्या संमतीने लावलेल्या नाहीत, असे कंपनीने सांगितले आणि शोधाचे काम पाहणाऱ्या सल्लागार संस्थेला कामावरून काढले. तरीही घसरण कंपनीच्याच वाट्याला आली.

छोट्या व्यावसायिकासाठी यातला मुद्दा हा की, एजन्सीने तुमच्या नावाने काय केले याची जबाबदारी गुगल एजन्सीवर टाकत नाही. 'महिन्याला ५०० बॅकलिंक्स' असे पॅकेज घेताना त्या लिंक्स कुठून येणार, हे विचारलेच पाहिजे.

## २०१२ ते २०१६: नियम बदलले, सल्ले तसेच राहिले

टॉक्सिक लिंक्सची आज जी भीती पसरलेली दिसते, तिचे मूळ एका विशिष्ट काळात आहे.

२४ एप्रिल २०१२ रोजी गुगलने 'पेंग्विन' नावाचा बदल लागू केला. बनावट लिंक्सच्या जोरावर वर आलेल्या साइट त्याने खाली ढकलल्या. गुगलच्या म्हणण्यानुसार इंग्रजीतील सुमारे ३.१ टक्के शोधांवर त्याचा परिणाम झाला. फटका बसलेल्यांची अडचण अशी होती की, लिंक्स काढल्या तरी पेंग्विनची पुढची फेरी येईपर्यंत साइट वर येत नसे, आणि दोन फेऱ्यांमध्ये कधी कधी अनेक महिने जात. याच काळात, ऑक्टोबर २०१२ मध्ये, 'या लिंक्स माझ्या खात्यात धरू नका' असे गुगलला कळवण्याची सोय आली. तिला 'डिसअवाऊ टूल' म्हणतात. या लेखात आपण तिला 'नाकारण्याची सोय' म्हणू.

सप्टेंबर २०१६ मध्ये पेंग्विनची चौथी मोठी आवृत्ती आली आणि चित्र बदलले. पेंग्विन गुगलच्या मुख्य प्रणालीचा भाग झाला आणि सतत काम करू लागला. महत्त्वाचे म्हणजे, खराब लिंकमुळे अख्खी साइट खाली ढकलण्याऐवजी त्या लिंकचे वजनच शून्य धरण्याकडे त्याचा कल झाला. डिसेंबर २०२२ मध्ये गुगलने 'स्पॅमब्रेन' ही स्पॅम ओळखणारी प्रणाली विकतच्या लिंक्स शोधण्यासाठीही वापरायला सुरुवात केली. तिथेही उद्देश अशा लिंक्स निष्प्रभ करणे हाच होता.

मायक्रोसॉफ्टच्या बिंगनेही लिंक्स नाकारण्याची सोय २०१२ मध्ये आणली होती. आपली प्रणाली चांगल्या-वाईट लिंक्स स्वतः ओळखते, असे सांगून त्यांनी ती २०२३ मध्ये बंद केली.

अडचण अशी की इंटरनेटवरचे बरेचसे सल्ले अजूनही २०१२ ते २०१६ च्या काळातले आहेत. 'दर महिन्याला टॉक्सिक लिंक्स नाकारा' हा त्यातलाच एक.

## घाणेरडी लिंक आणि हानिकारक लिंक यात फरक काय?

कोणत्याही वेबसाइटच्या बॅकलिंक्सची यादी उघडा, त्यात विचित्र नावे दिसणारच. परकीय भाषेतले जुगाराचे पान, तुमचे फोटो उचलून दाखवणारी वॉलपेपर साइट, लाखो डोमेनची नुसती यादी देणारी साइट, तुमचा लेख जसाच्या तसा चिकटवणारा ब्लॉग. हा इंटरनेटवरचा कचरा आहे. तो सगळ्यांच्या दारात पडतो आणि गुगलला तो ओळखता येतो. अशा लिंक्सचा फायदा होत नाही, तसा सहसा तोटाही होत नाही.

मग टूल्स लाल रंगात 'टॉक्सिक' का दाखवतात? सेमरशचा 'टॉक्सिसिटी स्कोअर' किंवा मॉझचा 'स्पॅम स्कोअर' हे त्या त्या कंपनीचे स्वतःचे अंदाज आहेत. गुगल हे आकडे वापरत नाही. लिंक कशी दिसते यावरून टूल अंदाज बांधते. ती कोणी, कशासाठी लावली हे त्याला माहीत नसते. तुमच्या गावातल्या वाचनालयाची जुनाट वेबसाइट टूलला संशयास्पद वाटू शकते, आणि पैसे देऊन देखण्या पोर्टलवर छापलेला लेख त्याला अगदी निर्मळ वाटू शकतो. प्रत्यक्षात धोका दुसऱ्या लिंकचा आहे.

म्हणून ओळखण्याचा पहिला प्रश्न 'ही साइट कशी दिसते?' हा नाही. 'ही लिंक इथे आपल्यामुळे आली का?' हा आहे.

## पायरी पहिली: कारवाई झाली आहे का ते पाहा

यासाठी गुगल सर्च कन्सोल ही मोफत सेवा लागते. तुमची साइट तिथे जोडलेली नसेल तर आधी ते करा. डावीकडच्या यादीत 'मॅन्युअल ॲक्शन्स' असा विभाग आहे. गुगलच्या माणसांनी तपासून तुमच्या साइटवर कारवाई केली असेल, तर ती इथे लिहिलेली असते. लिंक्सबद्दलची कारवाई 'अननॅचरल लिंक्स टू युअर साइट' या नावाने दिसते.

- 'नो इश्यूज डिटेक्टेड' असे दिसत असेल आणि तुम्ही कधी लिंक्स विकत घेतल्या नसतील, तर तुमचे काम इथेच संपले.
- कारवाई नाही, पण पूर्वी लिंक्सची पॅकेजेस घेतली आहेत, तर पुढच्या पायऱ्या करून ठेवणे शहाणपणाचे.
- कारवाई दिसत असेल, तर पुढच्या सगळ्या पायऱ्या आवश्यक आहेत.

जुने डोमेन विकत घेतले असेल तर ही तपासणी पहिल्याच दिवशी करा. आधीच्या मालकामुळे झालेली कारवाई डोमेनसोबत तुमच्याकडे येते.

केवळ भेटी कमी झाल्या म्हणून बॅकलिंक्सवर संशय घेऊ नका. हंगाम संपणे, गुगलचा मोठा अपडेट येणे, साइट बदलताना जुने पत्ते तुटणे, स्पर्धकाने चांगले लिहिणे ही कारणे बहुतेक वेळा खरी निघतात.

## पायरी दुसरी: लिंक्सची यादी मिळवा

सर्च कन्सोलमध्येच 'लिंक्स' हा विभाग आहे. त्यात 'टॉप लिंकिंग साइट्स' खाली कोणत्या वेबसाइट तुम्हाला लिंक देतात ते दिसते, आणि 'टॉप लिंकिंग टेक्स्ट' खाली अँकर टेक्स्ट दिसतात. वरच्या 'एक्स्पोर्ट' बटणाने यादी उतरवून घेता येते. ही यादी म्हणजे नमुना असतो, प्रत्येक लिंक त्यात नसते. पण कामासाठी तो पुरतो.

यादी एक्सेल किंवा गुगल शीट्समध्ये उघडा आणि पानांनुसार नव्हे, तर वेबसाइटनुसार लावा. हजार लिंक्सची यादी अनेकदा चाळीस-पन्नास वेबसाइटवर येते आणि काम आटोक्यात येते.

## पायरी तिसरी: प्रत्येक साइटला चार प्रश्न विचारा

१. ही लिंक आपण, आपल्या एजन्सीने किंवा आधीच्या मालकाने लावली आहे का? जुनी बिले, ईमेल आणि एजन्सीचे मासिक रिपोर्ट इथे उपयोगी पडतात. एजन्सीने 'या महिन्यात तयार केलेल्या लिंक्स' अशी यादी पाठवली असेल, तर अर्धे काम झालेच.

२. अँकर टेक्स्ट नैसर्गिक आहे का? लोक लिंक देताना साधारणपणे साइटचे नाव किंवा 'इथे पाहा' असे लिहितात. वीस वेगवेगळ्या साइटवर नेमका एकच विक्रीचा शब्द असेल, तर तो योगायोग नसतो.

३. विषयाचा काही संबंध आहे का? दंतवैद्याच्या साइटवर आंब्याची लिंक एखाद्या वेळी खरी असू शकते. अशा पन्नास असतील तर नाही.

४. गुगल नसते तरी ही लिंक इथे असती का? वाचकाच्या उपयोगासाठी दिलेली असेल तर ती राहू द्या, साइट कितीही साधी असो.

या उत्तरांवरून शीटमध्ये प्रत्येक वेबसाइटपुढे तीनपैकी एक शेरा लिहा: 'ठेवा', 'काढायला सांगा' किंवा 'दुर्लक्ष करा'. जुगाराचा आणि वॉलपेपरचा कचरा तिसऱ्या गटात जातो.

यादी पाहताना आणखी एक गोष्ट तपासा. तुमच्या साइटवर तुम्ही कधीच न बनवलेल्या पानांकडे लिंक्स येत आहेत का? औषधे, जुगार किंवा जपानी मजकूर असलेली पाने दिसली, तर साइट हॅक झाली असण्याची शक्यता आहे. तेव्हा बॅकलिंक्स बाजूला ठेवून आधी 'सिक्युरिटी इश्यूज' हा विभाग पाहा, पासवर्ड बदला, प्लगिन अद्ययावत करा आणि ती पाने काढून टाका. जे पान अस्तित्वातच नाही, त्याच्याकडे येणाऱ्या लिंक्स मोजल्या जात नाहीत.

## पायरी चौथी: लिंक काढायला सांगा

'काढायला सांगा' गटातल्या साइटच्या मालकांना ईमेल पाठवा. मजकूर छोटा आणि नम्र ठेवा. उदाहरणार्थ:

"नमस्कार, आपल्या वेबसाइटवरील पुढील लेखात आमच्या वेबसाइटची लिंक आहे (पानाचा पत्ता). ती पूर्वी प्रसिद्धीसाठी लावली गेली होती. गुगलच्या नियमांनुसार ती काढून टाकावी किंवा तिला 'नोफॉलो' खूण लावावी, ही विनंती. झाल्यावर कृपया कळवावे. धन्यवाद."

पाठवल्याची तारीख आणि उत्तर शीटमध्ये नोंदवा. आठ-दहा दिवसांनी एकदा आठवण करा. लिंक काढण्यासाठी कोणी पैसे मागितले तर देऊ नका. त्या साइटसाठी पुढची पायरी आहे.

रॅप जीनियस या गाण्यांच्या शब्दांच्या अमेरिकी वेबसाइटने नेमके हेच केले होते. जस्टिन बीबरच्या गाण्यांच्या लिंक्स लेखात टाका, आम्ही तुमच्या लेखाची प्रसिद्धी करतो, अशी योजना तिने ब्लॉगलेखकांना देऊ केली होती. योजना उघड झाली आणि २५ डिसेंबर २०१३ रोजी, नाताळच्या दिवशी, गुगलने कारवाई केली. स्वतःच्या नावाने शोधले तरी साइट पहिल्या पानावर मिळेनाशी झाली. कंपनीने ब्लॉगमालकांशी संपर्क साधून लिंक्स काढायला लावल्या आणि ज्या निघाल्या नाहीत त्या नाकारल्या. दहा दिवसांत साइट परत आली. ही घाई एका मोठ्या कंपनीची होती. सामान्य साइटला यापेक्षा बराच जास्त वेळ लागू शकतो.

## पायरी पाचवी: उरलेल्या लिंक्स नाकारा

नाकारण्याची सोय कधी वापरावी याबद्दल गुगलची अट स्पष्ट आहे. बनावट लिंक्स मोठ्या संख्येने असाव्यात, आणि त्यांच्यामुळे कारवाई झालेली असावी किंवा होण्याची दाट शक्यता असावी. दोन्ही गोष्टी लागू असतील तरच ती वापरायची.

कृती अशी:

- नोटपॅडमध्ये साधी टेक्स्ट फाइल तयार करा. वर्ड किंवा पीडीएफ चालत नाही. सेव्ह करताना यूटीएफ-८ हा पर्याय निवडा.
- एका ओळीत एकच नोंद लिहा. अख्खी वेबसाइट नाकारायची असेल तर रोमन लिपीत 'डोमेन' हा इंग्रजी शब्द, त्याला लागून अपूर्णविराम आणि त्याला लागून वेबसाइटचे नाव लिहा. मध्ये मोकळी जागा नको.
- एकच पान नाकारायचे असेल तर त्याचा पूर्ण पत्ता लिहा.
- हॅश चिन्हाने सुरू होणारी ओळ ही तुमची टीप असते. 'दोनदा ईमेल केला, उत्तर नाही' असे तिथे लिहून ठेवता येते.
- फाइल २ एमबीपेक्षा मोठी नको, आणि तिच्यात १,००,००० पेक्षा जास्त ओळी नकोत.

ही सोय सर्च कन्सोलच्या नेहमीच्या यादीत दिसत नाही. गुगलच्या मदत पानावर 'डिसअवाऊ लिंक्स' शोधल्यावर ती मिळते. ती 'डोमेन प्रॉपर्टी'साठी चालत नाही. पूर्ण पत्ता देऊन जोडलेली, म्हणजे 'यूआरएल प्रीफिक्स' प्रकारची, प्रॉपर्टी लागते.

नवी फाइल चढवली की जुनी पुसली जाते. म्हणून दरवेळी जुन्या फाइलमध्येच भर घालून पूर्ण फाइल चढवा. परिणाम व्हायला काही आठवडे लागतात, कारण गुगलला ती पाने पुन्हा पाहावी लागतात. नाकारलेल्या लिंक्स 'लिंक्स' विभागात पुढेही दिसत राहतात. त्यावरून काम झाले नाही असे समजू नका.

आणि सगळ्यात महत्त्वाचे: 'शंका आहे, तर टाकूनच देऊ' असे इथे करू नका. वृत्तपत्राच्या किंवा वाचनालयाच्या साइटची चांगली लिंक या फाइलमध्ये गेली, तर गुगल ती शिफारसही सोडून देते.

## पायरी सहावी: फेरविचाराची विनंती

ही पायरी फक्त कारवाई झालेल्यांसाठी आहे. 'मॅन्युअल ॲक्शन्स' विभागातच 'रिक्वेस्ट रिव्ह्यू' बटण असते. अर्जात तीन गोष्टी सरळ भाषेत लिहा: काय चूक झाली, ती दुरुस्त करण्यासाठी काय केले आणि त्याचा परिणाम काय झाला. किती साइटना ईमेल पाठवले, किती लिंक्स निघाल्या, किती नाकारल्या हे आकड्यांत द्या. शीट कामाला येते ती इथे. सगळ्या बॅकलिंक्स सरसकट नाकारून अर्ज करणे हा प्रामाणिक प्रयत्न मानला जात नाही, असे गुगलने स्पष्ट लिहिले आहे.

उत्तर यायला काही दिवस ते काही आठवडे लागतात. लिंक्सच्या प्रकरणात त्याहून जास्त वेळही लागू शकतो. उत्तर येण्याआधी पुन्हा अर्ज करू नका.

## नेहमी विचारले जाणारे प्रश्न

स्पर्धकाने मुद्दाम माझ्या साइटला वाईट लिंक्स लावल्या तर?
असे प्रयत्न होतात. त्यांना 'निगेटिव्ह एसइओ' म्हणतात. पण अशा लिंक्सकडे दुर्लक्ष करण्यासाठीच गुगलची प्रणाली बनवलेली आहे. 'पैसे द्या, नाहीतर लिंक्स लावू' अशी धमकी आली तर पैसे देऊ नका आणि ईमेल जपून ठेवा. मन फारच धास्तावले असेल तर त्या मोजक्या वेबसाइट नाकारून मोकळे व्हा.

साफसफाईनंतर माझी साइट वर येईल का?
कारवाई उठली तर साइट पुन्हा नीट दिसू लागते. पण पूर्वीचा क्रमांक विकतच्या लिंक्समुळे मिळाला असेल, तर तो परत येत नाही. तो आधार आता उरलेला नसतो.

चुकून चांगली लिंक नाकारली. आता?
ती ओळ फाइलमधून काढून फाइल पुन्हा चढवा. पूर्वीचा परिणाम यायला वेळ लागेल, पण दुरुस्ती होते.

एजन्सीला काम द्यावे का?
कारवाई झाली असेल आणि यादी मोठी असेल तर मदत घेण्यास हरकत नाही. त्याआधी 'मॅन्युअल ॲक्शन्स'चे पान स्वतः उघडून पाहा. एजन्सीला विचारा: तुम्ही टूलच्या स्कोअरवरून लिंक्स निवडणार की प्रत्येक साइट पाहून? नाकारण्याची फाइल आम्हाला आधी दाखवणार का? उत्तर देताना टाळाटाळ झाली तर काम देऊ नका.

मग लिंक्ससाठी करायचे तरी काय?
लोकांना उपयोगी पडेल असे काही साइटवर ठेवा. आंबा पिकवायचा कसा, पेटीत किती डझन बसतात, खरा हापूस कसा ओळखायचा, अशी माहिती असेल तर लोक स्वतःहून लिंक देतात. त्या लिंक्स काढण्याची वेळ येत नाही.

पुढच्या वेळी 'टॉक्सिक बॅकलिंक्स'चा मेसेज आला की आधी सर्च कन्सोलमधले ते एक पान उघडा. तिथे कारवाईची नोंद नसेल आणि लिंक्स विकत घेतल्या नसतील, तर मेसेज डिलीट करून आपल्या कामाला लागा.